गोधडीखालची कापशी

गेली अकरा वर्षं मी पाळीव जनावरांची ने-आण करतो. नाशिकहून पुणे, नाशिकहून मुंबई, क्वचित इंदूर. कुत्रा गाडीत बसला की काय हवं-नको ते तोंडाने सांगतो. मांजर तर घर सोडल्यापासून कसाऱ्यापर्यंत आरडाओरडा करतं. ससा मात्र सहसा चकार शब्द काढत नाही. दुखलं तरी नाही, जीव घाबरा झाला तरी नाही. त्याला सगळ्यांनी खायचंच, म्हणून दुबळेपणा लपवायचा हे त्याच्या रक्तातच आहे. म्हणून सशाची फेरी असली की मला कान उघडे ठेवून उपयोग नसतो, डोळे उघडे ठेवावे लागतात. हे मला आधीपासून माहीत होतं, तरी त्या दिवशी चुकलो.

जानेवारीतली पहाट. निफाडच्या एका आजींना त्यांच्या नातवाकडे पुण्याला सोडायचं होतं आणि बरोबर नातवाचा ससा. ससा म्हणजे सशीणच, कापशी. नातवाचं कुटुंब दिवाळीत पुण्याला गेलं, नवं घर लागेपर्यंत कापशी आजींकडे राहिली होती. साडेपाचला मी दारात पोहोचलो तेव्हा गाडीचा काटा ६ अंश दाखवत होता. निफाडची थंडी नाशिककरांना नवी नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला पारा किती उतरला, हे आम्ही हिवाळ्यात रोज पेपरात वाचतो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना द्राक्षबागांमध्ये शेकोट्या पेटल्या होत्या. ऐन फुगवणीत अशी थंडी पडली की मणी तडकतात, म्हणून लोक रात्रभर जागून बागेत धूर करतात. आजींच्या मुलाच्या अंगालाही धुराचाच वास येत होता.

कापशीचा पिंजरा त्यांनी तयारच ठेवला होता. मी फोनवर सांगितलं होतं तसा टणक प्लॅस्टिकचा, तळाशी पाय घसरू नये म्हणून जुना टॉवेल, त्यावर मूठ-मूठ सुकं गवत. पाण्याची बाटली लावायची नाही, तीही लावली नव्हती. खड्ड्यात बाटली गळते, पोटाखालची लोकर भिजते आणि थंडीत ओला ससा म्हणजे खरा धोका. दोन वर्षांपूर्वी लासलगावहून एक ससा मोटरसायकलवर पुठ्ठ्याच्या खोक्यात आणलेला मी दवाखान्याच्या दारात पाहिला होता. खोक्याचा तळ मुतून भिजलेला, पोट ओलं, वरून वारा. डॉक्टरांनी त्याला हात लावला आणि आधी टॉवेल मागितला, औषध नंतर. पाण्याऐवजी आम्ही कोथिंबिरीच्या काड्या आणि काकडीची फोड ठेवतो.

आजींनी पिंजऱ्यावर गोधडी घातली होती. नऊवारीच्या तुकड्यांची, जाड, चारही बाजूंनी खाली सोडलेली. "अंधार असला म्हंजे गप पडून राहील ती," आजी म्हणाल्या. बरोबरच होतं ते. मी पिंजरा ड्रायव्हरच्या मागच्या सीटच्या पायाशी, दोन सीटांच्या मधे घट्ट बसवला, म्हणजे ब्रेक लागला तरी सरकणार नाही. गोधडी मात्र उचलून पाहिली नाही. एरवी मी प्रत्येक पिंजरा आतून बघतो. उशीर झाला होता, आजी कुडकुडत होत्या, आणि कापशी गप्प होती.

नायगावमार्गे सिन्नर, तिथून पुण्याचा रस्ता. आजी पुढे बसल्या होत्या. त्यांचे गुडघे आखडले म्हणून मी हीटर वाढवला. "दादा, आता बरं वाटतंय बघ," त्या म्हणाल्या. मलाही बरं वाटलं.

नांदूर शिंगोटे मागे पडलं, उजाडलं. सशाला घेऊन निघालो की दीडेक तासाने एकदा थांबायचं असा माझा नेम. संगमनेरच्या अलीकडे चहाच्या टपरीपाशी गाडी लावली, मागचं दार उघडलं आणि गोधडीचा एक पदर वर केला. आतून वाफाऱ्यासारखी गरम हवा माझ्या तोंडावर आली.

कापशी पिंजऱ्याच्या पुढच्या जाळीला नाक टेकून लांब पसरली होती. कुशी लोहाराच्या भात्यासारख्या उडत होत्या. एरवी सशाचं नाक नुसतं लुकलुकतं; हिचं तोंड किंचित उघडं होतं आणि हनुवटीखालचे केस लाळेने ओले. मी कानाला बोट लावलं. तापलेल्या तव्याजवळ बोट नेल्यासारखं वाटलं. पातळ कातडीतून शिरा लाल, जाड दिसत होत्या. टॉवेलाखाली हात घातला तर रबरी पिशवी. गरम पाण्याची. आजींनी रात्रीच्या काळजीने निघताना भरून ठेवली होती.

मग सगळं जुळलं. खाली पिशवी, वर चारही बाजूंनी गोधडी आणि मी पिंजरा ठेवला होता तो नेमका तिथे, जिथे पुढच्या सीटखालून हीटरचा झोत मागच्या माणसाच्या पायाशी येतो. सशाला आपल्यासारखा घाम येत नाही. उष्णता बाहेर टाकायला त्याच्याकडे मुख्यतः ते दोन लांब कान. त्याच्या अंगावर लोकरीचा कोट जन्मापासून शिवलेला असतो. कोरड्या, धडधाकट सशाला ६ अंश सोसतात, पण हवा २८-३० च्या वर गेली की त्याचा जीव कासावीस होतो. आणि ती ओरडली नाही. एकदाही नाही. मी दीड तास पुढे बसून आजींशी कांद्याच्या भावावर बोलत होतो.

हीटर बंद केला, दोन्ही बाजूंच्या काचा चार बोटं खाली केल्या. पिशवी काढली, गोधडी काढली. टपरीवाल्याकडून साधं पाणी घेतलं, रुमाल भिजवून पिळला आणि तिच्या कानांवरून हलक्या हाताने फिरवला, पुन्हा पुन्हा. बर्फाचं पाणी नको, अंगावर ओतायचं नाही, तोंडात तर मुळीच नाही, हे मला पाठ होतं. तरी डॉक्टरांना फोन लावला. ते म्हणाले, "बरोबर करताय. अर्ध्या तासात धाप बसली नाही तर संगमनेरमध्येच दाखवा. आणि बसली, तरी ती कधी खाते ते बघा." सशाचं पोट सतत चालू लागतं, दहा-बारा तास तोंडात काही गेलं नाही की आतडी थांबतात, आणि भीती किंवा उष्णतेचा धक्का बसला की ते फार लवकर होतं.

आजी रस्त्याच्या कडेला, शाल पडलेली, हात जोडून उभ्या होत्या. "मीच घातली रे ती पिशवी. गारठेल म्हणून घातली." मी त्यांना काय बोलणार होतो? "आजी, पिशवी तुमची, पण बघायचं काम माझं होतं," एवढंच म्हणालो. ते खरंच तसं होतं.

वीसेक मिनिटांनी कुशी मंदावल्या. तोंड मिटलं. मग तिने पाय पोटाखाली ओढून घेतले, नेहमीसारखी गोळा होऊन बसली, आणि नाक लुकलुकायला लागलं. मी कोथिंबिरीची काडी जाळीतून धरली. तिने हुंगली, तोंड फिरवलं. वाटीत पाणी ठेवलं, त्यातलं चार वेळा चाटलं.

पुढचा रस्ता आम्ही थंडीत केला. पिंजरा मागच्या सीटवर घेतला, सीटबेल्ट हँडलमधून ओवला, गोधडी फक्त वर आणि एका बाजूला, जिथून वारा येत होता तिथे. हीटर अगदी मंद. आजी शाल आणि स्वेटर दोन्ही घालून मागे तिच्याशेजारी बसल्या आणि चंदनापुरी घाट, आळेफाटा, नारायणगाव, सगळा वेळ जाळीतून आत बघत राहिल्या. मंचरजवळ त्यांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "खातीय! दादा, खातीय!" सुक्या गवताची एक काडी तिच्या तोंडातून बाहेर आली होती आणि शिवणयंत्रासारखी आत सरकत होती. मी गाडी बाजूला घेऊन ती काडी संपेपर्यंत बघितलं.

पुण्यात पोहोचल्यावर नातवाला सांगून तिला लगेच जवळच्या दवाखान्यात दाखवून घेतलं. ताप उतरला होता, पोटाचे आवाज बारीक पण चालू होते. मी परत निघालो.

रात्री साडेनऊला नाशिकच्या वेशीवर आजींचा फोन आला. रडत आहेत की हसत आहेत ते आधी कळेना.

"लेंड्या टाकल्या रे दादा तिनं. मोजल्या मी. बावीस!"