‘अनुवादित’चे कपाट

वार्षिक साठा पडताळणीच्या काळात आमच्या वाचनालयाची देवघेव बंद असते. दाखल नोंदवही समोर घेऊन प्रत्येक पुस्तकावरचा दाखल क्रमांक ताडून पाहायचा, फाटलेली प्रत बांधणीसाठी वेगळी काढायची आणि न सापडलेल्या पुस्तकासमोर पेन्सिलीने खूण करायची, असे ते काम असते. त्यात वाचकाचा संबंध सहसा येत नाही. गेल्या वर्षीच्या पडताळणीत मात्र एका वाचकाने आमचे एक अख्खे कपाट टेबलावर ओतायला लावले.

आमचे वाचनालय सोलापूरच्या पूर्व भागात आहे. यंत्रमाग, चादरी आणि टॉवेल यांच्या या वस्तीत घरोघरी तेलुगू बोलली जाते. हे वाचक म्हणजे एका यंत्रमाग कारखान्यातून निवृत्त झालेले एक काका. घरात तेलुगू आणि शाळेत मराठी असे वाढल्यामुळे त्यांना तेलुगू उत्तम बोलता येते, पण तिची लिपी वाचता येत नाही. मराठी कादंबऱ्यांचा आमचा विभाग त्यांनी निवृत्तीनंतर जवळजवळ पालथा घातला होता आणि मग आपल्या देशातल्या इतर भाषांत काय लिहिले आहे ते ओळीने वाचायचे ठरवले होते. त्यासाठी त्यांनी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीतील बावीस भाषांची यादी वहीत उतरवून घेतली होती. मुळात चौदाच असलेल्या या यादीत 1967 साली सिंधी आली, 1992 साली कोकणी, मणिपुरी आणि नेपाळी आल्या, तर 2003 च्या घटनादुरुस्तीने बोडो, डोगरी, मैथिली आणि संताली या भाषांचा समावेश झाला. काकांनी हा क्रमही टिपला होता. नंतर आलेल्या भाषांची पुस्तके मिळणे अवघड जाणार, हा त्यांचा अंदाज होता आणि तो बरोबर होता.

वर्तमानपत्रे वाचायला म्हणून ते आले आणि उघड्या कपाटासमोर थांबले. ‘‘मॅडम, ह्यात आमचं तेलुगू कुठाय?’’ असे त्यांनी विचारले.

प्रश्न साधा होता, पण त्याचे उत्तर आमच्या कोणत्याही नोंदीत नव्हते. ग्रंथालयांत पुस्तकांना विषयवार क्रमांक देणाऱ्या ड्युईच्या दशांश वर्गीकरणात अनुवादित साहित्य मूळ भाषेखालीच जाते. मराठीचा क्रमांक 891.46, कन्नडचा 894.814 आणि तेलुगूचा 894.827, त्यामुळे पुस्तक पाहताच ते कोणत्या भाषेतून आले हे कळते. आमच्यासारख्या अनेक वाचनालयांत मात्र ‘कादंबरी’, ‘चरित्र’, ‘प्रवासवर्णन’ अशा ढोबळ विभागांनीच काम भागवले जाते आणि बाहेरून आलेले सगळे ‘अनुवादित’ या एकाच पाटीखाली जमा होते. रशियन कादंबरी, अमेरिकन रहस्यकथा आणि बंगाली सामाजिक कादंबरी तिथे खांद्याला खांदा लावून उभ्या असतात. वाचक लेखकाच्या नावाने पुस्तक मागतात, म्हणून ही सोय चालून जाते. भाषेच्या नावाने मागणारा वाचक मी तोवर पाहिला नव्हता.

पडताळणीसाठी पुस्तके खाली काढायचीच होती, तेव्हा परदेशी पुस्तके बाजूला ठेवून भारतीय भाषांतली तेवढी भाषावार लावावीत असे मी ठरवले. काकाही खुर्ची ओढून बसले. मी मुखपृष्ठामागचे पान उघडून मूळ भाषा सांगायची आणि त्यांनी पुस्तक त्या त्या गठ्ठ्यावर ठेवायचे, असे आमचे काम दुपारपर्यंत चालले. बंगालीचा गठ्ठा सर्वांत उंच झाला आणि त्यात मामा वरेरकरांनी मराठीत आणलेल्या शरच्चंद्रांचा वाटा मोठा होता. त्याखालोखाल कन्नड होते. भैरप्पांचे ‘पर्व’ आणि शिवराम कारंतांचे ‘डोंगराएवढा’ ही दोन्ही पुस्तके उमा कुलकर्णी यांनी मराठीत आणली आहेत, आणि त्या गठ्ठ्यावर त्यांचे नाव इतक्या वेळा आले की काकांनी एका भाषेचे दार एकाच माणसाने उघडून धरल्यासारखे दिसते, असे म्हटले. मला हे निरीक्षण फार नेमके वाटते. एखाद्या शेजारभाषेतले किती वाङ्मय आपल्यापर्यंत पोहोचते, हे त्या भाषेच्या थोरवीपेक्षा तिच्यात रमणारा एखादा मराठी माणूस निघतो की नाही, यावरच अधिक ठरते.

काही पुस्तकांवरून आमचा वाद झाला. एका असमिया कादंबरीचा अनुवाद हिंदीवरून केल्याचे आतल्या पानावर बारीक अक्षरांत छापले होते. ती असमियाच्या गठ्ठ्यात ठेवावी की कसे, यावर काकांनी बराच विचार केला आणि ती असमियातच, पण आडवी ठेवली. भारतीय लेखकांनी इंग्रजीत लिहिलेल्या कादंबऱ्यांना त्यांनी यादीबाहेर काढले, कारण आठव्या अनुसूचीत इंग्रजी नाही. साहित्य अकादमी मात्र या बावीस भाषांबरोबर इंग्रजी आणि राजस्थानी यांनाही मान्यता देते, असे मी सांगितले, तेव्हा त्यांनी वहीत राजस्थानी लिहून घेतली आणि इंग्रजी तशीच सोडली. तमिळचा प्रश्न साने गुरुजींमुळे सुटला. त्रिचनापल्लीच्या तुरुंगात तमिळशी गाठ पडलेल्या गुरुजींनी तिरुक्कुरळ मराठीत आणले. ती कादंबरी नाही, एक हजार तीनशे तीस द्विपद्यांचा ग्रंथ आहे, तरी काकांनी तमिळसमोर समाधानाने खूण केली.

तेलुगूचा गठ्ठा झालाच नाही. दोन-तीन सडपातळ कथासंग्रह आले आणि कपाट संपले. ज्या वस्तीत दुकानाच्या पाटीपासून भांडणापर्यंत सगळे तेलुगूत चालते, तिथल्या वाचनालयात ही स्थिती होती. काका काही बोलले नाहीत, पण त्यांनी तो छोटा ढीग पुन्हा एकदा उलटून पाहिला.

त्या वेळी मला आमच्या हिंदी विभागातल्या ‘सहस्रफण’ या जाडजूड कादंबरीची आठवण झाली. विश्वनाथ सत्यनारायण यांच्या ‘वेयिपडगलु’चा हा हिंदी अनुवाद पी. व्ही. नरसिंह राव यांनी केला आहे. काकांना हिंदी वाचता येत होते. अनुवादकाचे नाव वाचून त्यांनी ‘‘हे आपले पंतप्रधान का?’’ असे दोनदा विचारले. मग मी त्यांना त्याहून सुरस गोष्ट सांगितली. याच नरसिंह रावांना मराठी चांगले येत होते आणि ‘करमणूक’मधून क्रमशः छापल्या गेलेल्या हरिभाऊ आपट्यांच्या ‘पण लक्षात कोण घेतो?’ या कादंबरीचा त्यांनी तेलुगूत अनुवाद केला आहे. यमूची ती कहाणी काकांनी आमच्याकडूनच नेऊन वाचली होती. ‘‘म्हणजे आमच्या अक्काला यमू वाचता येईल,’’ ते म्हणाले. त्यांच्या थोरल्या बहिणीचे शिक्षण सोलापुरातल्याच तेलुगू शाळेत झाले होते आणि तिला मराठी वाचनाचा सराव नव्हता.

पडताळणी संपल्यावर मी दाखल नोंदवहीत ‘मूळ भाषा’ आणि ‘अनुवादक’ असे दोन रकाने आखून घेतले आणि भारतीय भाषांसाठी कपाटाचे दोन खण वेगळे केले. तेलुगू लिपीतली पुस्तके घेण्याचा प्रस्ताव कार्यकारी मंडळासमोर ठेवला, तेव्हा आधी आक्षेप आला की आपली खरेदी प्रामुख्याने शासनमान्य ग्रंथयादीवरून होते. सभासदांच्या वर्गणीतून काही रक्कम बाजूला काढावी, असे शेवटी ठरले. ‘सहस्रफण’ काकांकडे दोनदा मुदतवाढ घेऊन आहे. हिंदी जड जाते, अशी त्यांची तक्रार आहे, आणि मूळ ‘वेयिपडगलु’ मिळाले तर अक्काकडून वाचून घेईन, असे त्यांनी मागणी वहीत मराठीत लिहून ठेवले आहे.