ग्वाल्हेरच्या मावठ्यात बर्फ का पडत नाही?

जानेवारीत मावठा आला की ग्वाल्हेरच्या लष्कर भागातल्या आमच्या नातेवाइकांपैकी कोणीतरी हमखास विचारते, की इतकी थंडी असूनही इथे बर्फ का पडत नाही. खरे तर पश्चिमी विक्षोभाबरोबर, म्हणजे हिवाळ्यात पश्चिमेकडून सरकत येणाऱ्या वादळी हवेबरोबर, येणाऱ्या ढगांच्या वरच्या थरांत हिमस्फटिकच असतात. परंतु ग्वाल्हेरवर तापमान शून्य अंशावर येण्याची पातळी हिवाळ्यातही बहुधा जमिनीपासून काही किलोमीटर उंच असल्यामुळे ते वाटेतच वितळतात आणि आपल्याला पाऊस मिळतो. सिमल्यात ही पातळी जमिनीपर्यंत उतरते, तेव्हा तेच स्फटिक अखंड खाली पोहोचतात.

यापेक्षा विलक्षण प्रकार मात्र उबदार हवेचा थर दोन थंड थरांमध्ये अडकल्यावर घडतात. वितळलेला थेंब खालच्या जाड थंड थरात पुन्हा गोठला, तर बर्फाचे टणक कण पडतात. तो थर पातळ असेल, तर थेंब शून्याखाली जाऊनही द्रवच राहतो आणि फांदीला किंवा तारेला स्पर्श होताच गोठतो. कॅनडात 1998च्या जानेवारीत अशाच पावसाने विजेचे मनोरे कोसळले होते. माझ्या मते हिवाळी वर्षावात सर्वांत घातक हाच.

आपल्याकडच्या गारा मात्र निराळ्या. गडगडाटी ढगातील जोरदार ऊर्ध्वप्रवाह बर्फकणाला उचलून धरतो, त्यावर अतिशीत (शून्याखालीही द्रव राहिलेल्या) पाण्याची पुटे चढतात आणि वजन पेलेनासे झाले की गार सुटते, तीही नेमकी हरभरा-मोहरी फुलात असताना.