गोसेखुर्दच्या नहरावरून सायकल: "पूर्ण डांबरी आहे" म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका

भंडारा जिल्ह्यात पवनीजवळ वैनगंगेवर गोसेखुर्द धरण आहे, त्याच्या उजव्या नहराच्या (कालव्याच्या) पाळीनं, म्हणजे काठच्या बांधावरून, आम्ही सायकल चालवली. आधी ज्या तीन किलोमीटरनं आमची वाट लावली त्यांचं सांगतो, बाकीचं नंतर, कारण हे वाचून कोणी पुढच्या रविवारी निघणार असेल तर त्याला हेच आधी कळलं पाहिजे. पवनी-निलज रस्ता ओलांडून उजव्या नहराच्या पाळीनं दक्षिणेकडं निघालात की तासाभरानं एक नाला लागतो, तिथं नहर सिमेंटच्या जलसेतूवरून नाल्याच्या वरून जाते आणि पाळीवरचा रस्ता तिथंच संपतो. पूल नाही, रपटा नाही, काहीच नाही. समोर पलीकडं रस्ता दिसते, शंभर पावलांवर, आणि तिथं पोहोचायला आम्हाला दोन तास वीस मिनिटं लागली.

"भाऊ, पूर्ण डांबरी आहे, रोड बाईकनं पण निघून जाल" असं ज्यानं आम्हाला सांगितलं तो माणूस काही वाईट नाही, पण तो तिथं मोटारसायकलनं गेला होता, तेही काही वर्षांआधी, आणि अर्ध्यातून गावाकडं वळून गेला होता, हे आम्हाला परत आल्यावर समजलं. मोबाईलच्या नकाशातही नहराच्या दोन्ही बाजूंनी पांढरी रेघ सलग दिसते. वरून घेतलेल्या फोटोत जलसेतूची भिंतसुद्धा रस्त्यासारखीच दिसते हो, त्यामुळं आम्हाला शंका आली नाही. तुम्ही मात्र नकाशात जिथं जिथं नाला नहराला आडवा जाते तिथं तिथं झूम करून बघा, आणि फोटोत पूल स्पष्ट दिसत नसेल तर पूल नाही असंच धरा.

प्लॅन असा होता. जानेवारीचा शेवटचा रविवार, मी आणि माझा मित्र, दोघंही नागपूरचे, दोघांनाही शंभर किलोमीटरची सवय. गाडी पवनीत लावायची, सकाळी धरणावर जायचं, तिथून उजव्या नहराच्या पाळीनं खाली यायचं, पवनी-निलज रस्ता ओलांडून जमेल तितकं दक्षिणेला जायचं, मग गावच्या रस्त्यांनी नागभीडच्या हायवेला लागून निलजवरून पवनीत परत. साधारण ७५ किलोमीटर, चढ जवळपास नाही. दुपारी दोनपर्यंत जेवायला पवनीत असू असा हिशोब होता.

धरणापर्यंत छान. थंडी होती, धुकं होतं, रस्ता चांगला आहे, लिहिण्यासारखं विशेष काही नाही. फक्त एक, आम्हाला सांगितलेलं होतं की धरणाच्या भिंतीवरून सायकल चालवता येते आणि भिंत ११ किलोमीटरच्या वर लांब आहे म्हणून मजा येईल. येत नाही. गेटवर अडवतात, आणि बरोबरच आहे ते. ३३ दरवाजांचं धरण आहे, कोणालाही वर फिरू देणार नाहीत. बाहेरूनच बघा आणि निघा, आमचा अर्धा तास तिथं हुज्जतीत गेला तो पुढं फार महागात पडला.

नहराची पाळ सुरू झाल्यावर पहिले काही किलोमीटर खरंच डांबरी होते, मग मुरूम, मग गिट्टी, मग पुन्हा जुनं डांबर. यात तक्रार नाही. या प्रकल्पाचं भूमिपूजन राजीव गांधींच्या हस्ते २२ एप्रिल १९८८ ला झालं, तेव्हा खर्च ३७२ कोटी धरला होता, तो पुढं कितीतरी हजार कोटींवर गेला, २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्प जाहीर झाला, आणि उजवी नहर ९९ किलोमीटरची आहे म्हटल्यावर ती सगळी एकासारखी असणार नाही हे आम्हाला मान्य आहे. आम्ही गेलो तेव्हासुद्धा एका ठिकाणी अस्तरीकरणाचं काम चालू होतं, पोकलेन आडवं उभं होतं, ऑपरेटरनं हातानं खूण करून बाजूनं जाऊ दिलं. म्हणजे आज जो तुकडा चांगला आहे तो पुढच्या महिन्यात खोदलेला असू शकते आणि उलटंही. हा रस्ता खात्यानं नहराच्या देखभालीसाठी केलेला आहे, आपल्यासाठी नाही, त्यामुळं काम चालू असेल तर वाद न घालता उतरून जायचं.

आणखी एक गोष्ट जी आधी कोणी सांगत नाही. नहरीला उतार इतका कमी असते की सायकलला तो कळतच नाही, त्यामुळं पाय मोकळे सोडायला कुठंच मिळत नाही, चार तास सलग पॅडल. सपाट रस्ता म्हणून सोपा वाटते पण मांड्या आणि बसायची जागा यांचं काम होते. हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-पूर्वेकडून असते म्हणून धरणाकडून खाली यायचं हीच दिशा बरोबर, उलट जाऊ नका.

तर तो नाला. जलसेतूच्या भिंतीवर फूट-दीड फूट रुंदीची कड आहे, गावातली पोरं तिच्यावरून चालत जातात, आमच्यासमोर एक जण डोक्यावर गवताचा भारा घेऊन गेला. मित्र म्हणाला सायकल खांद्यावर घेऊन जाऊ. मी नाही म्हटलं आणि आजही तेच म्हणतो, तिथून जाऊ नका. एका बाजूला नाल्यात पंधरा-वीस फुटांची उडी आणि दुसऱ्या बाजूला नहर भरून चाललेली, रब्बीचं पाणी सोडलेलं होतं. नहरीचं पाणी संथ दिसते पण अस्तर गुळगुळीत आणि उतरतं, त्यावर शेवाळ, एकदा माणूस आत गेला की त्याला धरायला काही सापडत नाही. रानातली जनावरं पाणी प्यायला उतरतात आणि वर येता येत नाही म्हणून याच नहरींमध्ये मरतात. पाळीवर कडेनं सायकल चालवू नका, दोघं बाजूबाजूनं तर अजिबात नाही, हात-तोंड धुवायला उतरू नका, बाटली पडली तर जाऊ द्या.

मग आम्ही नाल्यात उतरलो. जानेवारीत नाला कोरडा असेल असं वाटलं होतं, पण वरून नहर पाझरते त्यामुळं खाली काळा गारा (चिखल), घोट्याच्या वर. बेशरम आणि रायमुनियाचं रान माजलेलं. काळी माती टायर आणि फोर्कच्या मधात अशी बसते की चाक फिरतच नाही, पाच पावलं ढकललं की काडीनं खरवडायचं, पुन्हा पाच पावलं. पलीकडच्या काठाला चढायला वाट नव्हती म्हणून नाल्याकाठानं खाली गेलो, तिथं धानाच्या बांध्या (शेतं), धान निघून गेलेलं, काही बांध्यांत लाखोरीचं (डाळीचं) पीक उभं होतं, ते तुडवायचं नाही म्हणून धुऱ्याधुऱ्यानं (बांधाबांधानं) सायकल खांद्यावर. आणि त्या धुऱ्याला झटका मशीनची तार होती. रानडुकरांसाठी लावतात. माझ्या सायकलचा हँडल तारेला लागला आणि असा झटका बसला की मी सायकलसकट बांधीत बसलो. जिवाला धोका नव्हता, मशीनची तार होती म्हणून बरं, पण काही लोक रात्री सरळ लाईनीचा करंट सोडतात, त्यानं माणसं मेलेली आहेत. शेतातली कुठलीही तार, बारीक असो की जाड, दिवसा असो की रात्री, चालू आहे असंच समजायचं.

बांध्या संपल्यावर पुन्हा पाळीवर आलो तर तिथं सराटे, म्हणजे काटेरी बिया. अख्ख्या पाळीवर पसरलेले. माझी दोन्ही चाकं, मित्राचं मागचं. तीन पंक्चर एका जागी काढले, आणि ते काढून निघालो तर गाऱ्यात अडकलेली एक काडी मित्राच्या मागच्या डिरेलरमध्ये (गिअर बदलणाऱ्या भागात) गेली आणि तो ज्याला टांगलेला असते तो हँगर तुटला. कट्टकन आवाज आला आणि आमची राईड संपली.

तिथं एक गुराखी भेटले, म्हातारे. त्यांनी सायकल बघितली, आम्हाला बघितलं, म्हणाले, "इकडून कोणी येत नाई जी. मोटारसायकलवाले बी त्या अल्लीकडच्या पुलावरूनच गावात जातेत, आन् गावातून डांबरीनं पुढच्या पुलावर निघतेत." म्हणजे एवढंच करायचं होतं. नाल्याच्या आधीच्या पुलावरून नहर सोडायची, गावात शिरायचं, चार-पाच किलोमीटरचा फेरा मारून पुढच्या पुलावर पुन्हा नहरीला लागायचं. पंधरा-वीस मिनिटांचं काम. मी त्यांना म्हटलं बाबाजी, पांदणीनं (शेतातल्या वाटेनं) गाव किती दूर, तर म्हणाले, "दूर नाई, पण चारच्या आत जा. सायंकाळी आमी बी इकडं ढोरं ठेवत नाई." कारण विचारायची गरज नव्हती. २०१२ मध्ये जाहीर झालेलं उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्य याच पट्ट्यात आहे आणि दक्षिणेला ब्रह्मपुरी-नागभीडकडचं जंगल, तिथं वाघानं माणसं मारल्याच्या बातम्या दरवर्षी येतात. त्यामुळं माझं स्पष्ट मत आहे: या नहरीवर सकाळी उजेड झाल्याशिवाय निघायचं नाही आणि दुपारी चारच्या पुढं थांबायचं नाही. एकट्यानं तर जाऊच नका. पाळीवर खाली बसून किंवा वाकून काही करत असाल, पंक्चर काढत असाल, तर दुसऱ्यानं उभं राहून आजूबाजूला बघत राहायचं. आम्ही ते केलं नाही, तीन पंक्चर काढताना दोघंही खाली मान घालून होतो, ते आठवलं की आजही अंगावर काटा येते.

पांदणीनं सायकली ढकलत गावात आलो, चार वाजायला दहा मिनिटं कमी होती. आता गाडीचं ऐका. गावात एक पिकअपवाला होता, त्याला पवनीपर्यंत विचारलं, म्हणाला "पाचशे द्या जी." ठीक आहे म्हटलं, सायकली चढवल्या, बसलो. पवनीत उतरल्यावर म्हणाला पाचशे एका माणसाचे, सायकलचे वेगळे, आणि रिकामी गाडी परत न्यायची त्याचं डिझेल, एकूण अठराशे. अंतर जेमतेम सोळा-सतरा किलोमीटर. आम्ही चिखलानं भरलेले, सकाळपासून पोहे आणि चार केळी सोडून काही खाल्लेलं नाही, भांडायची ताकद नव्हती. बाराशेवर तुटलं. हे पैसे मला आजही टोचतात, कारण पाचशेच्या ऐवजी आधीच बाराशे सांगितले असते तर मी दिले असते, त्या वेळी मला गाडी हवीच होती. तुम्ही विचारताना "दोन माणसं, दोन सायकली, पवनीपर्यंत, परतीसकट, एकूण किती" असं पूर्ण वाक्य विचारा, आणि गावातल्या दोन माणसांसमोर विचारा. चौकात, पानठेल्याजवळ. मग आकडा फिरत नाही. पूर्ण गावाला मी नावं ठेवत नाही, त्याच गावात एका घरी बाईंनी आम्हाला न विचारता पाणी आणि चहा दिला, हातपाय धुवायला बोरिंगवर बादली दिली, आणि पैसे घेतले नाहीत.

सामानाबद्दल. ३५ एमएमपेक्षा कमी टायर नको, दोन इंची असेल तर उत्तम. रोड बाईक घरी ठेवा. ट्यूब प्रत्येकी दोन, पॅच वेगळे, आणि टायरमध्ये सीलंट (छिद्र आपोआप बुजवणारं द्रव) असेल तर सराट्यांचा प्रश्न बराच सुटते. ज्याच्या सायकलला हँगर आहे त्यानं जास्तीचा हँगर सोबत ठेवा, वजन काहीच नाही, आणि पवनीत तो मिळणार नाही. पाणी माणशी तीन लिटर, पाळीवर दुकान नाही, सावली नाही, नहरीचं पाणी प्यायचं नाही, गावातल्या बोरिंगवर भरून घ्यायचं. मोबाईलला रेंज मध्ये मध्ये जाते म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाळीवर किलोमीटरचे दगड आहेत, दिसेल तो आकडा लक्षात ठेवत जा, कोणाला फोन करून जागा सांगायची वेळ आली तर तोच कामाचा.

पावसाळ्यात आणि पावसानंतर लगेच, म्हणजे नोव्हेंबरपर्यंत, जाऊच नका, काळ्या मातीत एक किलोमीटरही होणार नाही. फेब्रुवारीच्या मध्यानंतर ऊन. म्हणजे डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य, एवढाच काळ.

आणि सरळ विचारलं की जावं का, तर धरण ते पवनी-निलज रस्ता एवढाच तुकडा करा आणि पवनीत परत या. तो निवांत आहे, अकरापर्यंत होऊन जाते, आणि उरलेल्या वेळात पवनी बघा, किल्ल्याचा दरवाजा, नदीचे घाट, आणि जगन्नाथ टेकडी, जिथं १९६९-७० च्या उत्खननात बौद्ध स्तूप सापडला. आम्हाला यातलं काहीच बघायला मिळालं नाही. पूर्ण लूप करायचाच असेल तर मी सांगितलं तसं, नाल्याच्या आधीचा पूल, गाव, पुढचा पूल. आणि तिथं पोहोचायला बारा वाजून गेले असतील तर लूप सोडा, निलज रस्त्यानं मागं फिरा.

जाता येता रस्त्याकडेला मिरचीचे सातरे (मिरची पसरून निवडायच्या जागा) लागतील, भिवापुरी मिरचीचा हाच काळ, लालभडक पसरलेली असते आणि बाया देठं तोडत बसलेल्या असतात. वाऱ्याच्या खालच्या बाजूनं जात असाल तर नाकाला रुमाल बांधा, खकाणा असा लागते की दम घेता येत नाही. मी तिथून दोन किलो घेतली, भाव आधी ठरवून.