सहाव्या नावापर्यंत कुणी पोचलंच नाही

पेनल्टी शूटआऊटमधला आमचा चौथा फटका खांबाला लागून बाहेर गेला आणि आमच्या कॉन्फरन्सची, म्हणजे आपापसात साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटाची, फायनल संपली. मैदानावर पोरं आडवी पडली होती. वर प्रेस बॉक्समध्ये मी निकालाच्या रकान्यात 'बरोबरी' असं भरलं. शेजारी बसलेल्या विद्यार्थी मदतनिसाला वाटलं, मी चुकले. चूक नव्हती. अमेरिकेतल्या कॉलेज सॉकरमध्ये सामना शूटआऊटवर गेला की नोंदीत तो बरोबरीचाच राहतो. चषक समोरच्याला मिळतो, राष्ट्रीय स्पर्धेतला थेट प्रवेशही त्यालाच, पण विजयाच्या टक्केवारीत दोघांना अर्धा-अर्धा विजय. त्या अर्ध्या विजयावर आमचे पुढचे दोन दिवस टांगलेले होते.

हे २०२२च्या नोव्हेंबरमधलं. पूर्वेकडच्या एका लहान कॉलेजात क्रीडा विभागाची आकडेवारी सांभाळायचं काम माझ्याकडे होतं. ही डिव्हिजन थ्रीची, म्हणजे कॉलेज खेळांतल्या तिसऱ्या श्रेणीची दुनिया: खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, प्रेक्षकांत निम्मे आईबाप, आणि दूरच्या सामन्याला बस. पुरुषांच्या सॉकरचे चारशेहून जास्त संघ आहेत आणि राष्ट्रीय स्पर्धेत जागा ६४. त्यातल्या चाळीसहून अधिक जागा कॉन्फरन्स विजेत्यांच्या. उरतात साधारण वीस, त्या तेव्हा समिती निवडायची. आता आम्ही त्या विसांच्या रांगेत होतो.

रविवारी सकाळी कर्णधार ऑफिसात आला. "आपले चौदा विजय आहेत ना?" म्हणाला. वेबसाइटवर तसंच होतं: १४ विजय, ३ पराभव, ३ बरोबरी. मी त्याला तेरा सांगितले. मोसमाच्या सुरुवातीला ज्यांना ७-० हरवलं ते कॉलेज डिव्हिजन थ्रीचं नव्हतंच. समितीच्या मुख्य निकषांत तो सामना अस्तित्वातच नव्हता. म्हणजे १३-३-३. तेरा अधिक दीड, भागिले एकोणीस: ०.७६३. फायनल पराभव म्हणून धरली असती तर ०.७३७ झाली असती. एवढा फरक त्या अर्ध्या विजयाचा.

टक्केवारी आमची चांगलीच होती. दुखणं दुसऱ्या आकड्यात होतं, प्रतिस्पर्ध्यांच्या ताकदीच्या. तो तेव्हा असा निघायचा: तुमच्या प्रत्येक प्रतिस्पर्ध्याची विजयाची टक्केवारी घ्यायची, त्यातून तुमच्याशी झालेला सामना वगळायचा, सगळ्यांची सरासरी काढायची. मग त्या प्रतिस्पर्ध्यांच्या प्रतिस्पर्ध्यांची सरासरी. पहिलीला दोन भाग वजन, दुसरीला एक. आमचं उत्तर आलं ०.५३८. वाईट नाही, पण अशा आकड्यावर छाती फुगवून कुणी समितीकडे बघत नाही.

इथे एक गोष्ट खेळाडूंनाच काय, कित्येक प्रशिक्षकांनाही पटत नाही. कॉन्फरन्समध्ये एकाचा विजय तो दुसऱ्याचा पराभव. नऊ संघांनी आपापसात कितीही जीव तोडून खेळलं तरी त्या सगळ्या सामन्यांची सरासरी बरोबर ०.५००वरच येते. कॉन्फरन्स 'भारी' ठरते ती सप्टेंबरमध्ये, जेव्हा हे नऊ जण बाहेरच्यांशी खेळतात तेव्हा. आमच्याच कॉन्फरन्सच्या तळातल्या संघाने सप्टेंबरमध्ये बाहेर चार सामने घालवले, तर त्याचा डाग ऑक्टोबरमध्ये आमच्या अंगावर येतो. न्यू इंग्लंडमधल्या नेसकॅकसारख्या कॉन्फरन्सला हे सोपं जातं: टफ्ट्स, ॲमहर्स्ट, विल्यम्ससारखे अकरा संघ, एकमेकांशी एकेकच सामना, आणि तास-दोन तासांच्या बस प्रवासात चांगले प्रतिस्पर्धी हवे तेवढे. वायव्येकडच्या वॉशिंग्टन-ओरेगनमधल्या कॉलेजांना शेजारी कमी, म्हणून दुहेरी साखळी. वेळापत्रकाचा बहुतेक भाग घरातल्या घरात जातो आणि आकडा ०.५००च्या आसपास घुटमळतो. संघ चांगला असो की वाईट, गणिताला काय त्याचं!

आमच्या ०.५३८मध्ये एक सामना मला आधीपासून सलत होता. सप्टेंबरमधला मंगळवार, घरचं मैदान, निकाल ६-०. त्या संघाचा मोसम २ विजय, १३ पराभव, २ बरोबरी असा संपला. आमचा सामना वगळला की २-१२-२, म्हणजे ०.१८८. त्याच मंगळवारी ११-४-२ असा एखादा संघ, ०.७०६चा, समोर असता तर? फरक ०.५१८, भागिले एकोणीस, त्याचा दोन तृतीयांश: ०.०१८. घरचा-बाहेरचा सामना हा भेद आणि मागची सगळी साखळी बाजूला ठेवून केलेला हा ढोबळ हिशेब, तरी आकडा ०.५५६वर जातो. त्या मंगळवारी अशा तगड्या संघाशी आम्ही १-१ अशी बरोबरी केली असती, तरी कागदावर बहुधा जास्त चांगले दिसलो असतो. क्रिकेटमधल्या नेट रनरेटसारखं काही इथे नाही. सहा गोल मारा नाहीतर एक, विजय एकच.

तो सामना आला कसा, तेही सांगायला हवं. वेळापत्रक आदल्या हिवाळ्यात ठरतं. ठरलेल्या संघाने एप्रिलमध्ये तारीख मागे घेतली. तोवर चांगल्या संघांच्या तारखा भरलेल्या असतात. रिकाम्या मंगळवारी जो जवळ आहे, ज्याला मुक्काम लागत नाही आणि ज्याला 'यंदा तुमच्याकडे, पुढच्या वर्षी आमच्याकडे' हे चालतं, तोच मिळतो. श्रीमंत कॉलेज अशा वेळी दोन रात्रींचं हॉटेल घेऊन दूरच्या स्पर्धेला जातं. आम्ही चाळीस मैलांवरून येणाऱ्या संघाला हो म्हटलं.

रविवारी दुपारी चार लॅपटॉपवर चार फायनली लावल्या होत्या. या दिवशी सगळे अधांतरी संघ एकच प्रार्थना करत असतात: प्रत्येक कॉन्फरन्समध्ये तगडा संघच जिंकू दे. कारण तगडा हरला, तरी निवडीच्या जागेवर तो आत येतोच. हरवणारा थेट प्रवेशाने आत येतो. एका कॉन्फरन्समधून दोन संघ गेले आणि विसातली एक जागा उडाली. संध्याकाळपर्यंत अशा दोन फायनली उलट्या लागल्या. दुसऱ्या वेळी प्रशिक्षकांनी लॅपटॉप मिटला आणि कॉफी आणायला गेले.

सोमवारी दुपारी संघ लाउंजमध्ये बसला. समोर पडदा, मागे पिझ्झाचे खोके. वेळ झाली तेव्हा ते कुणी उघडलेले नव्हते. नावं चार-चारच्या गटांत येतात, कारण पहिल्या दोन फेऱ्या एकाच मैदानावर होतात. गट करताना दर्जाइतकंच अंतर पाहिलं जातं. बसने जाता येईल त्याला विमान द्यायचं नाही.  त्यामुळे आमच्या भागातल्या मैदानाचं नाव आलं की खुर्च्या सरकायच्या. शेवटचा गट आला. आम्ही नव्हतो.

मग मी ती यादी उघडली जी तेव्हा निवडीनंतरच जाहीर व्हायची: विभागांची शेवटची क्रमवारी. देशाचे दहा विभाग आणि प्रत्येकाची यादी वेगळी. आमच्या विभागात पहिले चार आत गेले होते. पाचव्या क्रमांकावर एक संघ, सहाव्यावर आम्ही. पाचवाही बाहेर.

तेव्हा निवड जागेवर कशी व्हायची ते माहीत असलं की या दोन ओळींचा अर्थ लगेच लागतो. राष्ट्रीय समितीसमोर एका वेळी प्रत्येक विभागाचं एकच नाव असायचं, अजून न निवडलेल्यांतलं सर्वांत वरचं. दहा नावांतून एक उचलायचं. ज्या विभागाचं उचललं, त्याचंच पुढचं नाव वर सरकायचं. आमच्या विभागाचं पाचवं नाव टेबलावर आलं आणि शेवटची जागा भरेपर्यंत तिथेच पडून राहिलं. रेशनच्या रांगेत पुढच्याचं कार्ड अडलं आणि तेवढ्यात खिडकी बंद झाली, तसं. आमचे आकडे समितीला आवडले नाहीत असं झालंच नाही. आमच्या आकड्यांवर चर्चाच झाली नाही.

तो पाचवा संघ १०-५-३, टक्केवारी ०.६३९, पण प्रतिस्पर्ध्यांची ताकद ०.५८९. तगड्या संघांशी हरून हरून मिळवलेली. सप्टेंबरमध्ये त्यांच्याशी आमचा सामना १-१ असा सुटला होता. २०२१पर्यंत तो जादा वेळेत गेला असता, दहा-दहा मिनिटांचे दोन भाग, पहिला गोल तो जिंकला. २०२२पासून साखळी सामन्यांतला जादा वेळ काढून टाकला. पोरांच्या पायांसाठी निर्णय योग्यच होता, माझी तक्रार नाही. पण ती वीस मिनिटं मिळाली असती तर पाचवा-सहावा क्रम कदाचित समोरासमोरच्या निकालावरच ठरला असता, कुणाच्या बाजूने ते सोडा.

हे मी लाउंजमध्ये सांगितलं नाही. कर्णधाराने विचारलं, "किती जवळ होतो?" मी म्हटलं, "एक नाव." ते खरंही होतं आणि खोटंही, कारण पाचवं नाव उचललं असतं तर आम्ही फक्त टेबलापर्यंत पोचलो असतो. चौथ्या, म्हणजे कॉलेजच्या शेवटच्या वर्षाची सात पोरं होती. त्यांनी पिझ्झा खाल्ला, खोके स्वतः बाहेर नेऊन टाकले.

२०२४च्या मोसमापासून ही पद्धत गेली. आता एनपीआय नावाचा एकच आकडा आहे. प्रत्येक सामन्याला गुण मिळतात: काही निकालाचे, काही समोरच्याच्या स्वतःच्या एनपीआयचे. समोरच्याचा आकडा त्याच्या समोरच्यांवर अवलंबून, म्हणून आकडे स्थिर होईपर्यंत संगणक पुन्हापुन्हा फिरवतो. आणि एखाद्या विजयाने तुमची सरासरी खाली येत असेल, तर विजयांची किमान संख्या भरल्यावर तो विजय सोडून दिला जातो. विभागाची रांग नाही, टेबल नाही. आमच्या ६-०चा फटका या पद्धतीत बसला नसता. हॉटेलचा खर्च परवडणाऱ्याला चांगले प्रतिस्पर्धी मिळतात, ते मात्र अजून तसंच आहे.

मंगळवारी जर्सी जमा करून घेतल्या आणि प्रशिक्षकांनी पुढच्या मोसमाची एक्सेल शीट उघडायला सांगितली. सप्टेंबरमध्ये भरलेला एकच चौकोन होता. दोन वर्षांचा करार, परतीचा सामना, चाळीस मैल, मंगळवार.