शाळेतलं आकाश मंडळ आणि गच्चीवरची सूर्यघडी: माझा अनुभव

इंदुरात शाळेचं छंद मंडळ सुरू व्हायला वेळ लागत नाही. एप्रिलमध्ये सत्र उघडतं, भराभर नावं येतात. मग मेची सुट्टी, पावसाळा, सहामाही, दिवाळी आणि डिसेंबरात स्नेहसंमेलनाच्या तालमी. एवढ्यातून मंडळ फेब्रुवारीपर्यंत जिवंत ठेवायचं तर एकेका व्याख्यानावर किंवा ग्रहणाच्या कार्यक्रमावर भागत नाही. दर आठवड्याला एक ओळ वाढेल अशी नोंदवही लागते. आमच्या आकाश मंडळात हे काम सूर्यघडीने केलं.

परवानगीचा अर्ज एका पानाचा पुरे. मुख्याध्यापकांना कळायला हवं ते एवढंच: गच्चीला पुरेसा उंच कठडा आहे, वर कायम एक शिक्षक असेल, कोणीही सूर्याकडे थेट पाहणार नाही (सगळं काम सावलीवरच आहे), आणि पालकांच्या सहीच्या चिठ्ठ्या जोडल्या आहेत. सातवी ते नववीची सोळा ते वीस मुलं घ्यावीत, चौघांचा एक गट. तबकडीभोवती चारांपेक्षा जास्त डोकी जमली की त्यांचीच सावली पडते. दहावीला घेऊ नये. प्री-बोर्ड लागली की ती मुलं येत नाहीत आणि गट मोडतो.

आता घडी. छापील आडवी सूर्यघडी इथे मला पटत नाही. इंदूरचा अक्षांश सुमारे २२.७ अंश. इतक्या कमी अक्षांशावर आडव्या घडीच्या दुपारच्या रेषा दाटतात: बारा आणि एकच्या रेषांमध्ये जेमतेम ६ अंश, तर पाच आणि सहाच्या रेषांमध्ये जवळजवळ ३५. त्यापेक्षा विषुववृत्ताला समांतर तबकडी घ्यावी. तिच्यावर प्रत्येक तास सरळ १५ अंशांचा असतो, कोनमापकाने आखता येतो.

५ मिमी जाडीच्या सनबोर्डमधून (फोमचा हलका, कडक तक्ता) १० सेंमी त्रिज्येची तबकडी कापायची. पुठ्ठा नको, पहिल्याच दवात वाकतो. मध्यातून सायकलचा सरळ स्पोक आरपार घालायचा, वाकडं टोक आधी कापून. तबकडीच्या दक्षिणेला २३.९ सेंमी आणि उत्तरेला ५ सेंमी स्पोक राहिला पाहिजे. स्पोकचं लांब टोक आणि तबकडीची खालची कड फळीवर टेकली, की स्पोक आपोआप २२.७ अंशांवर उभा राहतो. नववीच्या मुलांना हे मापही काढायला लावावं: १० भागिले टॅन २२.७. स्पोक तबकडीला काटकोनात आहे ना, हे कंपासपेटीतल्या गुण्याने चारही बाजूंनी पाहून मगच फेव्हिक्विक लावायचं.

सगळ्यात जास्त घोळ आकड्यांचा होतो. साधारण २१ मार्च ते २३ सप्टेंबर ऊन वरच्या, उत्तरेकडच्या बाजूवर पडतं आणि उरलेले सहा महिने खालच्या, दक्षिणेकडच्या. बाराची रेषा दोन्हीकडे सर्वांत खाली. पण उत्तर बाजूचे आकडे घड्याळाच्या काट्याच्या दिशेने आणि दक्षिण बाजूचे उलटे. एकाच आकृतीच्या दोन प्रती काढून दोन्हीकडे चिकटवल्या, तर सकाळच्या नऊला घडी तीन दाखवते. शिवाय निरभ्र आकाश आणि चालू शाळा हा योग इथे ऑक्टोबर ते मार्चचाच, म्हणजे वर्षभरातलं बहुतेक वाचन खालच्या बाजूवर होतं. म्हणून घडी जमिनीवर न ठेवता मुलांच्या छातीएवढ्या उंच टेबलावर ठेवावी, नाहीतर मुलं गुडघ्यांवर बसून वाचतात आणि कंटाळतात.

उत्तर दिशा होकायंत्राने काढू नये. स्लॅबमधल्या सळ्या सुईला ओढतात. ओळंब्याने सरळ उभी केलेली काठी, तिच्याभोवती तीन-चार वर्तुळं. दुपारी बाराच्या आधी सावलीचं टोक ज्या वर्तुळाला जिथे शिवतं तिथे खूण, नंतर पुन्हा त्याच वर्तुळाला शिवेल तिथे दुसरी. काठीच्या बुडाशी दोन्ही खुणांमधला कोन दुभागला की उत्तर-दक्षिण रेषा. घडीचा स्पोक याच रेषेवर ठेवायचा. वर्तुळं अनेक हवीत, कारण ढग नेमका दुसऱ्या खुणेच्या वेळी येतो. हे काम हिवाळ्यातच करावं. मे-जूनमध्ये इथे भरदुपारी सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, सावली बोटभर उरते.

मग मुलं हमखास विचारतात, “सर, ही घडी मागे का?” भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशाची आणि इंदूर ७५.९ अंशांजवळ. प्रत्येक अंशाला ४ मिनिटं, म्हणजे साधारण साडेसव्वीस मिनिटांचा फरक कायमचा. त्यात पृथ्वीच्या लंबवर्तुळाकार कक्षेमुळे आणि अक्ष कलल्यामुळे वर्षभर बदलणारा काल-समीकरणाचा भाग मिसळतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला घडी मनगटावरच्या घड्याळाच्या फक्त १० मिनिटं मागे असते, फेब्रुवारीच्या ११-१२ तारखेला ४१ मिनिटं.

मंडळ टिकतं ते याच फरकावर. नोंदवहीत तारीख, घड्याळाची वेळ, घडीची वेळ, फरक आणि आकाश असे पाच रकाने. भिंतीवर आलेख कागद. या तबकडीवर ५ मिनिटं म्हणजे सुमारे २ मिमी, त्यामुळे त्याहून बारीक वाचनाचा आग्रह धरू नये. डिसेंबर चुकवू नये. त्या एका महिन्यात फरक १६ वरून २९-३० मिनिटांवर जातो आणि आलेख मुलांच्या डोळ्यांसमोर चढतो. तालमींच्या दिवसांत नाटकात नसलेली दोन मुलं मधल्या सुट्टीत वाचन घेतील, एवढी सोय आधीच करावी.

वाचन बिघडलं तर त्यावरूनच कारण शोधता येतं. एकाच दिवशी सकाळचा आणि दुपारचा फरक वेगवेगळा येत असेल, तर उत्तर रेषा किंवा स्पोकचा कल चुकला आहे. दिवसभर फरक सारखाच, पण अपेक्षेपेक्षा ४ मिनिटांनी कमी-जास्त असेल, तर तबकडी स्पोकभोवती १ अंश फिरली आहे. बाराची रेषा पुन्हा तळाशी आणावी.

जानेवारीत उज्जैनची सहल ठेवावी, अंतर ५५ किलोमीटरच्या आसपास. सवाई जयसिंहांच्या तिथल्या वेधशाळेत मुलांना आधी नाडीवलय यंत्रापाशी न्यावं: उत्तरेकडे एक तोंड, दक्षिणेकडे एक, म्हणजे आपलीच तबकडी दगडा-चुन्यात. स्वतः आकडे उलटे लिहिलेल्या मुलांना तिथे काही समजावून सांगावं लागत नाही. १९२३ मध्ये माधवराव शिंद्यांच्या काळात या वेधशाळेची दुरुस्ती झाली, तेही सांगावं.

मार्चमध्ये परीक्षेआधी नोंदवही आठवीतल्या दोघांच्या नावावर करावी. गच्चीवरची रेषा ऑइल पेंटने पक्की करायची, तबकडी सपाट ठेवायची आणि स्पोकला तेलाचा हात द्यायचा, पावसाळ्यात गंज चढतो.