चादरीची उलटी बाजू

आमच्या चादरी-टॉवेलच्या दुकानाची वेबसाइट करायचीय. आज त्यासाठी सात रस्ता ते जुळे सोलापूर फिरून साइट बनवणाऱ्या तिघांना भेटलो. पहिल्या दोघांचं काम देखणं. पण त्यांनी केलेल्या साइट डब्ल्यूथ्रीसी या वेबचे नियम ठरवणाऱ्या संस्थेच्या व्हॅलिडेटरमध्ये, म्हणजे कोड तपासणाऱ्या साधनात, टाकल्या आणि चुकांची रांगच लागली. फोटोंना ऑल्ट मजकूर, म्हणजे फोटोत काय आहे ते सांगणारे शब्द, नाहीत. कोड उघडून बघितला तर बटणाच्या जागी नुसता डिव्ह, म्हणजे साधा रिकामा चौकोन. एकानं विचारलं, "साइट चालतेय ना, मग?"

माझ्या काकांना दिसत नाही. ते मोबाइलवर स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं वाचून दाखवणारं ॲप, लावून ऐकतात. ऑल्ट नसेल तर त्यांच्यासाठी ती चादर तिथं नसतेच. दिव्यांगांनाही साइट वापरता यावी यासाठीचे डब्ल्यूसीएजी २.० हे निकष २००८ सालीच आलेत, मी काही नवीन मागत नाहीये.

तिसरी मुलगी, नुकतीच शिकून आलेली. तिनं माऊस बाजूला सारला आणि नुसत्या टॅबच्या बटणानं अख्खं पान फिरून दाखवलं. एका लिंकवर फोकस, म्हणजे आपण पानावर कुठं आहोत ती खूण, दिसेना, तर "हे माझं चुकलंय" म्हणत तिथंच सीएसएस, म्हणजे पानाचं रूप ठरवणारा कोड, दुरुस्त केली. जाणतं गिऱ्हाईक चादर उलटी करून वीण बघतं ना, तसं तिनं स्वतःचं काम उलटून दाखवलं. काम तिलाच दिलं.

घरी येऊन काकांना सांगितलं. म्हणाले, "पहिलं पान झालं की आधी मला ऐकव."