पंखा चालू होता

मंगळवार, रात्रीचे अकरा.

ताईला मी "हो" का म्हटलं, हे दोन दिवस झाले तरी मला उमजत नाहीये.

शनिवारी रात्री आम्ही 'कोर्ट' पाहिला. लेकीनं जायच्या आधी टीव्हीवर चार-पाच मराठी सिनेमे काढून ठेवलेत. "मालिका पुरे झाल्या, आई, हे बघ." तिचं ऐकायचं म्हणून आम्ही शनिवार-रविवार एकेक बघतो. बाहेर पाऊस धरून होता. शेवटाकडे कोर्टाला उन्हाळी सुट्टी लागते, माणसं उठून जातात, दिवे बंद होतात आणि पडदाभर काळोख. हे म्हणाले, "लाईट गेली वाटतं." मी वर बघितलं, पंखा चालू होता. म्हटलं, "नाही हो, संपला." ह्यांनी उठून ट्यूब लावली, मी टीव्ही बंद केला आणि आईंच्या खोलीत डोकावून आले. त्या जाग्याच होत्या. असो.

रविवारी सकाळी ताईला नागपूरला फोन केला. तिनं तो 2015 मध्येच थिएटरात पाहिलेला. शाहिराचं काम केलेले वीरा साथीदार नागपूरचे, चळवळीतले. 2021 च्या एप्रिलमध्ये कोरोनानं गेले, तेव्हा ताई कितीतरी दिवस त्यांच्याबद्दल बोलत होती. मी भरभरून बोलले. म्हटलं, ताई, शेवट काय केलाय गं! निकाल नाही, न्याय नाही, नुसता अंधार. एवढं धाडस मी मराठीत पाहिलं नव्हतं. ताई म्हणाली, "हो, आणि मग तो त्या पोराच्या कानाखाली देतो ना, ते तर अंगावर येतं."

कुठलं पोर?

पण मी म्हटलं, "हो ना. ते तर आहेच."

एवढंच. पुढे गुडघ्याचं बोलणं झालं, तांदळाचं झालं. इथे नाशिकला गोदावरीचा, म्हणजे आमच्या गंगेचा, पूर नदीतल्या दुतोंड्या मारुतीवरून मोजतात. ताईनं नेहमीसारखं विचारलं, "दुतोंड्या मारुती कुठवर बुडाला?" मी सांगितलं, "छातीपर्यंत." फोन ठेवला आणि पोटात खड्डा पडला.

दुपारी टीव्ही लावला. सिनेमाच्या चित्राखालची लाल रेघ टोकाला पोचलेली नव्हती. शनिवारी ती मला दिसलीच असणार. नावं उरली असतील, असं धरून चालले असेन. एकटीनं बसून उरलेलं पाहिलं.

अंधारानंतर उजेड होतो. तेच न्यायाधीश कुटुंबकबिल्यासह सहलीला गेलेले. गाडीत गाणी, खाणं, हसणंखिदळणं. कुणाचं तरी मूल बोलत नाही, त्यावर ते नाव बदलायचा आणि अंगठीत खडा घालायचा सल्ला देतात. मग बाकावर बसल्या बसल्या त्यांना डुलकी लागते, पोरं मागून येऊन ओरडतात, ते दचकून उठतात आणि हाताला लागलेल्या पोराला चपराक देतात. पोर रडतं. ते पुन्हा डोळे मिटतात.

मी सुन्न झाले. मी ज्याला धाडस म्हणत होते ती तर मधली एक जागा होती. अंधारावर संपवला असता तर आपण "व्यवस्था" वगैरे म्हणून उठलो असतो आणि झोपायला गेलो असतो. मी तसंच केलं होतं. दिग्दर्शक चैतन्य ताम्हाणेंनी तसं करू दिलेलं नाही. ज्याच्या हातात त्या शाहिराचं आयुष्य आहे, तो सुट्टीत कसा असतो हे त्यांनी दाखवलं, आणि तो वाईट माणूस दिसत नाही, कुणाच्याही घरचे काका दिसतात. मला ते अंधारापेक्षा कितीतरी भयंकर वाटलं.

पण मला सलतंय ते वेगळंच. त्या सिनेमात पोलिसांचा एक साक्षीदार आहे. गटारात उतरणारा कामगार मेला, तो म्हणे शाहिराचं गाणं ऐकून जीव द्यायला उतरला, असा खटला. त्यात हा माणूस उभा राहून बिनदिक्कत साक्ष देतो. पुढे कळतं की तो आधीच्या खटल्यांतही असाच उभा राहिलेला, ठरलेला साक्षीदार. शनिवारी मी ह्यांना म्हटलं होतं, "बघा, न पाहिलेलं कसं सांगतात माणसं, जीभ तरी कशी रेटते." आणि चोवीस तासांच्या आत मी ताईला म्हटलं, ते तर आहेच.

जीभ सहज रेटली. ते कबूल करायला मला हा कागद लागला.

काल दिवसभर स्वतःचीच कीव येत होती. मला काहीच सलग बघायला मिळत नाही. 'किल्ला' आम्ही तीन तुकड्यांत पाहिला. तो सायकलींच्या शर्यतीचा प्रसंग, पोरं त्या चिन्मयला पावसात किल्ल्यात एकटं टाकून निघून जातात, तिथे नेमकी आईंची बेल वाजली. परत आले तोवर चिन्मय घरी पोचलेला. ह्यांनी थांबवायला नको होता का? पूर्वी सर्कलला, विजयानंदला सिनेमा बघायचो तेव्हा संपला की नाही हे आपण ठरवायचं नसायचं. थिएटरचे दिवे लागले की उठायचं. घरी ट्यूबचं बटण आपल्याच हाताशी. हे सगळं मी मनात घोळवून घोळवून आळवलं, आणि शेवटी पुन्हा तिथेच आले. दिवा चुकून लागला, ठीक. "हो" चुकून म्हटलं नव्हतं.

मग का म्हटलं? ताईसमोर मी कायम धाकटी. ती वाचते, तिला कळतं. पहिल्यांदाच माझ्याकडे तिला सांगण्यासारखं मत होतं, स्वतःचं, आणि ते एका वाक्यात गळून पडत होतं. ते धरून ठेवायला मी हो म्हटलं. ह्याहून मोठं कारण नाही.

'हरिश्चंद्राची फॅक्टरी'बद्दल मी ताईशी मुद्दाम बोललेच नाही, आणि खरं तर माझं ठाम मत त्याच सिनेमाबद्दल आहे. सगळ्यांना आवडतो, मला निम्माच आवडला. नंदू माधव फार गोड. कुंडीतल्या रोपाची वाढ टिपणारे फाळके बघताना मी हरखून गेले. पण घरातलं एकेक सामान विकलं जातं आणि त्यावर सगळे हसतमुख. सरस्वतीबाईंचा जीव एकदाही कासावीस झाला नसेल? फाळके त्र्यंबकेश्वरचे, 'राजा हरिश्चंद्र'नंतर नाशिकला आले, इथेच 1944 मध्ये गेले. सिनेमा तिथवर येत नाही. पांडवलेण्यांच्या पायथ्याशी त्यांचं स्मारक आहे, लेकीला घेऊन कितीदा गेलोय, कारंजी बघून, भेळ खाऊन परत. मला तो उरलेला भाग बघायचा होता. तेव्हाही शेवट आधीच आल्यासारखा वाटला. हे ताईला सांगायला हवं होतं. तिचं पटलं नसतं तरी ते मी पाहिलेलं होतं.

आज दुपारी मात्र कणीक मळताना 'कोर्ट'मधली सरकारी वकील बाई आठवली. दिवसभर त्या शाहिराला आत ठेवायसाठी कलमं वाचते, मग पोराला घेऊन घरी येऊन स्वयंपाक करते, घरचे टीव्हीसमोर. गीतांजली कुलकर्णीनं तो थकवा कुठे दाखवलेला नाही, नुसता अंगात ठेवलाय. शनिवारी तेवढा वेळ माझ्या हातातलं शेंगा सोलणं थांबलं होतं. आणि ती कामगाराची बायको. गटारात उतरायच्या आधी तो खडा टाकून बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत श्वास घेता येईल. वास सोसावा म्हणून प्यायचा. किती सरळ सांगते ती. वकील पैसे देऊ करतो तर म्हणते, काम असलं तर सांगा. तिच्या बोलण्यात तिनं न पाहिलेला एक शब्द नाही. हे सगळं मी बघितलं होतं, डोळे भरून बघितलं होतं. शेवटची थोडी रेघ राहिली म्हणून तेही खोटं ठरत नाही. हे मनात आल्यावर जरा हलकं वाटलं.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, "मग लाव ना परत." लावला. अंधार झाला तसा ह्यांचा हात खुर्चीच्या हातावर गेला, पण उठले नाहीत. त्या चपराकीला "अरे" म्हणाले. नावं संपेपर्यंत दोघंही बसून होतो.

मग ताईला फोन लावला. म्हटलं, ताई, रविवारी मी हो म्हटलं ना, तेव्हा ते पोर मी पाहिलं नव्हतं. अंधारावरच टीव्ही बंद केला होता आम्ही.

ती क्षणभर गप्प. मग म्हणाली, "कळलं होतं गं मला."

"मग बोलली का नाहीस?"

"तू इतकं छान बोलत होतीस."

मला काही सुचेना. तिनंच विषय बदलला. "बरं, आज पाणी कुठवर आलंय? मारुती दिसतोय का अजून?"

म्हटलं, "ताई, रविवारी छाती म्हणाले तेही पेपरात वाचलेलं होतं. गंगेवर गेलेच नाहीये मी. उद्या सकाळी जाऊन बघते आणि सांगते."